चावी काढली, तरी गाडी धडधडतेच!



शाळा सुटल्याची घंटा होते, पण वर्गातला गलबला काही लगेच थांबत नाही. हो की नाही? बाई ‘शांत बसा’ म्हणून दमतात, तरी मागच्या बाकावर कुणीतरी बोलतच असतं. अगदी असाच प्रकार गेल्या मे महिन्यात एका मोटारीनं केला. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या मामांकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आईबाबांना विचारा, त्यांना ही गाडी नक्की आठवेल. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती फियाटच्या नावानं तयार व्हायची, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

मामांची गाडी काही दिवसांपासून हट्टीपणा करत होती. चावी काढली तरी इंजिन खडखड, धडधड करत राहायचं. मामी वैतागून म्हणाल्या, “आता हिला भंगारात द्या!” धुळ्याचा एक व्यापारी घ्यायला तयार होता. मामांचा चेहरा उतरला, पण निघाले. सोबत मी आणि माझा सातवीतला भाचा.

जळगाव ते धुळे म्हणजे नव्वदेक किलोमीटर. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशीची रिकामी, काळीभोर रानं आणि वर खानदेशचं ऊन! एरंडोलला पद्मालयाचा फाटा लागला. कमळांच्या तळ्याकाठचा तिथला गणपती प्रसिद्ध आहे. भाचा म्हणाला, “मामाआजोबा, पद्मालय आणि पद्मिनी, दोघींच्या नावात कमळ!” मामा पहिल्यांदा हसले.

पारोळ्याला चहासाठी थांबलो. मामांनी चावी फिरवून हातात घेतली. पण गाडी? खड्... खड्... धड्! सारी गाडी हादरायला लागली. चहावाला धावत आला, “काय व्हयनं भाऊ?” भाचा घाबरून दार उघडायला निघाला. “बसून राहा!” मामा ओरडले. त्यांनी ब्रेक घट्ट दाबला, हँडब्रेक ओढला, स्टिअरिंगजवळचा दांडा चौथ्या गिअरमध्ये टाकला आणि क्लच हळूच सोडला. एक हिसका बसला आणि इंजिन गप्प!

समोरच एका मिस्तरींचं गॅरेज होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, पण कशाला हात लावला नाही. “आधी गार होऊ द्या. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर उडतं.” मुलांनो, हे तुम्हीही कायम लक्षात ठेवा.

तेवढ्या वेळात आम्ही पारोळ्याचा भुईकोट किल्ला पाहून आलो. बुरूज पडझडीला आलेत, तरी खंदक पाहून त्याचा जुना थाट कळतो. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या गावाचं नातं आहे.

परत आल्यावर भाच्यानं विचारलं, “चावी काढली म्हणजे वीज बंद. मग ठिणगी कुठून येते?”

मिस्तरी खूश झाले. म्हणाले, “चूल विझवली तरी राखेत निखारा राहतो ना? त्यावर पऱ्हाटीची काडी टाकली की?”

“भडकते!”

“बस, तेच!” चावी काढल्यावर प्लगची ठिणगी बंद होते. पण इंजिनात साचलेली काजळी किंवा फार तापलेलं प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल राहतं. इंजिन फिरत असेपर्यंत जुन्या गाडीचा कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा आत सोडतच असतो. निखाऱ्यावर ते मिश्रण पेटतं, इंजिन आणखी फिरतं, आणखी पेट्रोल ओढतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे दाबून तापलेल्या हवेतच इंधन पेटतं. म्हणून या खोडीला ‘डिझेलिंग’ असंही म्हणतात.

मग तपासणी सुरू झाली. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे गच्च बसले होते, पाणीही कमी होतं. प्लग या इंजिनाला हवेत त्यापेक्षा ‘गरम’ जातीचे होते. आणि इंजिन उभ्या-उभ्याच फार जोरात चालत होतं.

“हा स्क्रू कुणी पिळला?” मिस्तरींनी विचारलं.

मामा खाली बघू लागले. थंडीत सकाळी गाडी बंद पडायची, म्हणून जानेवारीत त्यांनीच तो स्क्रू वाढवला होता आणि नंतर विसरले होते!

मिस्तरींनी जाळी धुतली, पाणी भरलं, योग्य प्लग बसवले, टायमिंग तपासलं, स्क्रू कमी केला. म्हणाले, “काजळी नंतर निवांत काढून घ्या. आणि लांबून आलात की लगेच चावी काढू नका. मिनिटभर गाडीला श्वास घेऊ द्या.”

फागणे मागे टाकून धुळ्यात शिरलो. व्यापाऱ्याच्या दारात मामांनी गाडी उभी केली, मिनिटभर थांबले आणि चावी काढली. आम्ही तिघंही कान देऊन बसलो होतो. एकही खडखड नाही! रस्त्यापलीकडचा ऊसरसवाल्याचा घुंगरू तेवढा ऐकू आला.

व्यापारी बाहेर आला. मामा म्हणाले, “माफ करा साहेब, उगाच त्रास दिला. चूक गाडीची नव्हती, माझी होती.” मग आम्ही पांझरेच्या काठी जाऊन ऊसाचा रस प्यायलो आणि त्याच गाडीनं घरी परतलो.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. हल्लीच्या पेट्रोल गाड्या ही खोडी का करत नाहीत? बरोबर! चावी बंद झाली की त्यांचा पेट्रोल सोडणारा इंजेक्टरही बंद होतो. निखारा असला, तरी त्यावर टाकायला काडीच नसते.

आणि हो, वर्गात घंटेनंतरही गलबला चालू राहिला, तर मी आता रागावत नाही. आधी निखारा कुठे आहे, ते शोधते!

तुमची,
बाई