बंबातली राख

तिसऱ्या वर्षाला सेमिनारचा विषय निवडायचा होता. निम्मा वर्ग रोबोट नाहीतर इलेक्ट्रिक गाडी घेऊन बसलेला. म्हटलं, आपण काहीतरी वेगळं करू. ‘शहरी कचऱ्यापासून वीजनिर्मिती’! नाव ऐकूनच सर खूश, मीही खूश. बघा ना, कचराही गेला आणि वीजही मिळाली. आणखी काय पाहिजे?

शनिवारी एस.टी. धरून गडहिंग्लजला घरी गेलो. सकाळी आज्जी परसात बंब पेटवत होती. हिरण्यकेशीकाठची डिसेंबरातली थंडी, बंबाशिवाय आंघोळ म्हणजे शिक्षाच. आज्जीनं नारळाच्या शेंड्या घातल्या, वर दुधाच्या चार पिशव्या आणि एक तुटकी चप्पल. भपकन जाळ झाला. काळा धूर निघाला आणि आज्जीला खोकल्याची उबळ आली.

“आज्जी, प्लास्टिक कशाला घालतीस?”

“अरं, झटक्यात पेटतंय. लाकूड काय फुकट येतंय व्हय? आनि कचराबी जातोय. ल्हानपनी तूच गोळा करून आनत हुतास की!”

खरं होतं. गल्लीतल्या पिशव्या गोळा करून बंबात टाकायचा उद्योग माझाच. मित्रांनो, तेव्हा कुठं ट्यूब पेटली. माझा सेमिनार आमच्या परसात वर्षानुवर्षं चालू होता! कचरा आत, उष्णता बाहेर. टर्बाइन तेवढा नव्हता.

मग रात्री वही उघडली आणि बंब नि प्रकल्प शेजारी-शेजारी मांडून बघितले.

दुधाच्या पिशवीत क्लोरीन नसतो. ती अर्धवट जळली की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड देते. पण पीव्हीसीची चप्पल, रेक्झिन यांत क्लोरीन असतो आणि त्यातून डायॉक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होऊ शकतात. ती चरबीत साठतात आणि वर्षानुवर्षं शरीरात राहतात. म्हणून मोठ्या प्रकल्पात धूर किमान ८५० अंश सेल्सिअसला दोन सेकंद तरी ठेवतात. मग तो झटकन थंड करावा लागतो, कारण साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात ही संयुगं पुन्हा जुळतात. त्यानंतर चुना, सक्रिय कार्बन आणि कापडी फिल्टर. आमच्या बंबाला यातलं काय आहे? वरचं नळकांडं!

पण प्रकल्पातही कचरा ‘संपत’ नाही. शंभर किलो जाळला तर साधारण वीस-पंचवीस किलो राख उरते. फिल्टरमध्ये अडकलेल्या बारीक राखेत शिसं, कॅडमियम, डायॉक्सिन असतात. म्हणजे धूर जितका स्वच्छ करावा, तितकी ही राख विषारी होते. ती कुठं ठेवायची, हा प्रश्न उरतोच.

मग कचरा ढिगात सडू द्यायचा? तेही नाही. ढिगाच्या पोटात हवा नसते, तिथं मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायॉक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता अडवतो.

खरी गोम आत काय घालतो यात आहे. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डॅनिश तंत्रज्ञानाचा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॅट वीज करायची होती. काही आठवड्यांतच तो बंद पडला. आपल्या कचऱ्यात शिळा भात, भाजीची देठं, माती. ओला कचरा जळणार कसा? याउलट आपले साखर कारखाने बगॅसवर वीज करतातच की! उसाच्या त्या चोथ्यात जवळजवळ निम्मी ओल असते, तरी तो जळतो, कारण माल एकजिनसी आहे. आणि ओल्या कचऱ्याला जाळायची गरजच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत त्यापासून गॅस आणि खत मिळतं. माथेरानलाही असा प्रकल्प उभा राहिला. आमच्या गडहिंग्लजएवढ्या गावाला हेच झेपेल, असं मला वाटतं. पण त्यातही प्लास्टिक मिसळलेलं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं आज्जीला सांगितलं. धुराचं तिला काही वाटलं नाही. “चुलीम्होरं जल्म गेला माझा,” म्हणाली. पण राखेचं ऐकलं आणि तिचा हात थांबला.

“आनि ह्याच राखंनं मी भांडी घासतोय की रं!”

मी गप्प. कढीपत्त्याच्या बुंध्यातही तीच राख जायची. आणि पिशव्या आणून देणारा मी.

आता बंबात फक्त लाकूड आणि शेंड्या. प्लास्टिक वेगळं करून घंटागाडीत जातं, भाजीची सालं परसातल्या खड्ड्यात. आज्जीचा खोकला गेला, असं म्हणणार नाही. धूर शेंड्यांचाही होतोच. पण राख टाकताना ती आता मला विचारते, “ही चालंल न्हवं?”

सेमिनारला सरांनी शेवटी विचारलं, “तुझ्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता?” बॉयलर, टर्बाइन, फिल्टर... सगळं पाठ होतं. मी म्हटलं, “सर, स्वयंपाकघरातल्या दोन बादल्या.”

वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा एकदा तुमच्याही बंबात डोकावून बघा!