लाइट गेल्यावर सोलर का बंद पडतं? वस्तीवरच्या घरासाठी बॅकअपचा हिशेब



यंदा आमच्या शिवारात तीन-चार वस्त्यांवर घराच्या छतावर सोलर आलं. चांगली गोष्ट आहे. पण सगळ्यांची तक्रार एकच. शेजारचे तात्या म्हणाले, "अरे, तीन किलोवॉट बसवलंय, वर ऊन रणरणतंय, आणि लाइट गेली की घरातला पंखासुद्धा फिरत नाही. मग ह्या पॅनलचा उपयोग काय?" बसवणाऱ्याला त्यांनी फोनवर चांगलं झापलं. पण सिस्टीम बिघडलेली नव्हतीच. ती जशी चालायला पाहिजे तशीच चालत होती. विकताना एवढी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, बाकी काही नाही.

ऑनग्रिड म्हणजे बॅकअप नव्हे

अनुदानातून बसतं ते बहुतेक ऑनग्रिड सोलर असतं. त्यात बॅटरी नसते. पॅनलची वीज घरात वापरली जाते, उरलेली मीटरमधून लाइनला जाते आणि बिलात वळती होते. लाइन गेली की हा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. हे मुद्दाम केलेलं आहे. खांबावर वायरमन लाइन बंद समजून काम करत असेल आणि आपल्या छतावरून त्याच लाइनमध्ये वीज गेली, तर माणूस जागेवर जाईल. म्हणून लाइन बंद तर इन्व्हर्टर बंद.

गावठाण फिडरवर, जिथे लाइट दिवसभर टिकते, तिथे ऑनग्रिड फायद्याचंच आहे. अडचण आपल्यासारख्या वस्तीवाल्यांची. बऱ्याच वस्त्यांची लाइन शेतीच्या फिडरवरून आलेली असते. तिथे आठ तास वीज, तीही एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी. सोलरची खरी कमाई सकाळी १० ते दुपारी ४. रात्रपाळीच्या आठवड्यात नेमकी त्याच वेळी लाइन नसेल तर ऑनग्रिड पॅनल नुसतं उन्हात तापत बसतं. व्होल्टेज फार पडलं किंवा फार चढलं तरीही तो इन्व्हर्टर ट्रिप होतो, आणि आपल्या डीपीवर दहा मोटरी एकदम चालू झाल्यावर व्होल्टेजचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

ज्या फिडरला मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेतून दिवसाची वीज सुरू झाली आहे, तिथे हे गणित बदलतं. म्हणून पॅनलचं कोटेशन मागवण्याआधी एक काम करा. आपली लाइन कुठल्या फिडरवर आहे हे वायरमनला विचारा, आणि महिनाभर कॅलेंडरवर लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली ते लिहा. त्या एका कागदावरून निम्मा निर्णय होतो.

आधी ठरवा, रात्री काय चालायलाच पाहिजे

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड ह्या पट्ट्यात ऊस घराच्या ओट्याला टेकलेला आणि उसात बिबट्या. गोठ्याकडे जाताना, पोरं अंगणात असताना बाहेरचा दिवा चालू असणं ही इथं चैन नाही. उजेड असला म्हणजे बिबट्या येणारच नाही असं नाही, पण पाऊल टाकायच्या आधी आपल्याला दिसतं तरी. म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर बाहेरच्या दिव्यांचा, टीव्हीचा नंतर.

आमच्या घराची रात्रीची यादी अशी:

- बाहेरचे एलईडी फोकस, २० वॉटचे २, रात्रभर ११ तास: ४४० वॉट-तास
- घरातले एलईडी बल्ब, ९ वॉटचे ५, पाच तास: २२५
- बीएलडीसी पंखे, ३० वॉटचे २, आठ तास: ४८०
- टीव्ही, ६० वॉट, तीन तास: १८०
- मोबाइल चार्जिंग आणि वायफाय मिळून: १००

एकूण १,४२५, म्हणजे साधारण १.४ युनिट. हेच पंखे जुने ७५ वॉटचे असतील तर बेरीज २.१ युनिटवर जाते. नुसते दोन पंखे बदलले की बॅटरीचा भार तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला, ते स्वस्त पडतं.

फ्रीज मी रात्रीच्या यादीत धरला नाही. दार उघडलं नाही तर तो काही तास थंड राहतो. दिवसा पॅनलवर चालू द्या. मिक्सर, इस्त्री, घरगुती गिरणी ही कामंसुद्धा ऊन असतानाच उरकायची. आणि विहिरीची मोटर घराच्या इन्व्हर्टरला जोडायचा विचारही नको. ३ एचपीची मोटर चालताना सव्वादोन किलोवॉटच्या आसपास घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट करंट खेचते. त्यासाठी सौर कृषिपंप वेगळा. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत खुल्या गटाला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो.

बॅटरीवर छापलेलं आणि हाताला येणारं

१५० एएच, १२ व्होल्ट. गुणाकार केला तर १,८०० वॉट-तास, म्हणजे १.८ युनिट. पण ट्यूब्युलर बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर बसते. म्हणजे वापरायला ०.९ युनिट. इन्व्हर्टरही मधल्या मध्ये थोडं खातो. आमच्या १.४ युनिटसाठी बॅटरीतून साधारण १.६५ युनिट काढावे लागतात, म्हणजे अशा दोन बॅटऱ्या, २४ व्होल्टची सिस्टीम. जुने पंखे ठेवले असते तर दोन पुरल्या नसत्या.

लिथियममध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट हा प्रकार घरासाठी घेतात. २५.६ व्होल्ट, १०० एएच म्हणजे अडीच युनिट. त्यातले ८० टक्के धरले तरी दोन युनिट निघतात. पाणी घालायचं काम नाही, वजन कमी, टिकाऊपणा जास्त. किंमत मात्र सुरुवातीला जड. दुकानदाराला एवढंच विचारा: रोज वापरता येणारे युनिट किती आणि वॉरंटीची वर्षं किती? किंमतीला ह्या दोन्हींच्या गुणाकाराने भागा. दोन्ही कोटेशनवर हा भागाकार करून बघा, स्वस्त-महाग तिथं कळतं.

ट्यूब्युलर घेणार असाल तर सोलरसाठीची, सी-१० रेटिंगची घ्या. साध्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सी-२० लिहिलेलं असतं, तिच्याशी एएच जुळवून तुलना करू नका. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं नाही. आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून देवघराजवळ, चुलीजवळ किंवा झोपायच्या बंद खोलीत ठेवू नका.

पॅनल पावसाळ्याच्या हिशेबाने

आपल्याकडे १ किलोवॉट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. झड लागली की निम्म्यावर येतं, कधी त्याहून खाली. आमच्या बॅटऱ्यांना परत भरायला रोज दोन युनिटच्या वर लागतात. म्हणून ५४० वॉटची दोन पॅनल. उन्हाळ्यात फ्रीज त्यावर निघतो, पावसाळ्यात बॅटरी कशीबशी भरते. एक सांगून ठेवतो, २४ व्होल्टच्या बॅटरीला ५४० वॉटचं पॅनल जोडायचं तर एमपीपीटी चार्जर पाहिजे. साधा पीडब्ल्यूएम असेल तर पैसे मोजलेल्या विजेतला मोठा हिस्सा वाया जातो.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार १८ ते २० अंश. सावली उन्हाळ्यात बघू नका, डिसेंबरात बघा. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. १० फूट उंच टाकीची सावली तेव्हा भर दुपारी उत्तरेला ९ फुटांपर्यंत पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी पूर्ण ओळीचं उत्पादन पडतं. गाळप हंगामात कारखान्याची आणि गुऱ्हाळाची काजळी बसते. धुवायचं तर सकाळी पॅनल गार असताना, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

अनुदानाचं

पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्तीला एकूण ७८,००० रुपये. पॅनल देशी बनावटीच्या सेलचंच लागतं आणि सिस्टीम वीजजोडणीला जोडलेली लागते. आपण वर हिशेब केला तसं नुसतं ऑफग्रिड बसवलं तर हे अनुदान नाही. बिलही कमी पाहिजे आणि बॅकअपही, तर हायब्रिड इन्व्हर्टर विचारा. त्यात बॅकअपची वेगळी लाइन निघते. दिवे, पंखे, फोकस त्या लाइनवर वेगळ्या बोर्डात घ्या. अख्खं घर तिच्यावर टाकलं तर गीझर लावला की सगळंच ट्रिप.

जीवावरचं काम

जनरेटर किंवा इन्व्हर्टर घराला जोडताना दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसणारे मी पाहिलेत. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी डीपीत जाते. डीपी ११,००० व्होल्टचे २३० करते, तशी उलटी २३० चे ११,००० सुद्धा करते. वर चढलेल्या पोराला वाटतं लाइन बंद आहे. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडली जाईल. ह्यात काटकसर नाही.

पॅनलच्या बाजूला डीसी एमसीबीच पाहिजे, घरातला एसी एमसीबी तिथं चालत नाही. डीसीची ठिणगी सहज विझत नाही. अर्थिंग तीन वेगळी: पॅनलच्या सांगाड्याला, इन्व्हर्टरला आणि वीजरोधकाला. वळवाच्या पावसात वीज कशी कडाडते ते आपण दरवर्षी बघतो. आणि ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरीत वीज असतेच, स्विच बंद केला तरी. पोरांना छतावर त्या वायरींना हात लावू देऊ नका.

शेवटचं काम बिनपैशाचं आहे. मीटरच्या पेटीवर ठळक लिहा: "ह्या घराला सोलर आणि बॅटरी आहे." आपल्या भागाच्या वायरमनला एकदा बोलावून चेंजओव्हर कुठं आहे ते दाखवा. रात्री-अपरात्री, पावसात आपल्यासाठी खांबावर चढतो तो. त्याला एवढं ठाऊक असायला हवं.