एप्त नदीकाठची ठिपक्यांची शाळा

पॅरिसहून आगगाडीने वायव्येस निघाले म्हणजे सुमारे ७० किलोमीटरांवर झिझोर हे गाव लागते. तेथून थोडे उत्तरेस, एप्त नावाच्या लहानशा नदीच्या काठी, एरान्यी हे खेडे आहे. हिरवी कुरणे, पॉप्लरची उंच झाडे, सफरचंदांच्या बागा आणि पैलतीरी बाझँकूर गावच्या चर्चचा निमुळता मनोरा, एवढाच तेथील देखावा. तरी पण ठिपक्या-ठिपक्यांनी निसर्गचित्र रंगविण्याची विद्या शिकावी कशी, हे ज्या वाचकांस जाणून घ्यावयाचे असेल त्यांस आम्ही आज याच खेड्यात नेणार आहो.

१८८४ साली कामीय पिसारो हे चित्रकार येथे सहकुटुंब राहावयास आले. नावलौकिक होता, परंतु घरात सहा मुले आणि गाठीस पैसा थोडा. पत्नी ज्यूली मळ्यात भाजीपाला पिकवून संसारास हातभार लावीत. पुढल्याच वर्षी पिसारोंची गाठ जॉर्ज सेरा या तरुण चित्रकाराशी पडली. पिसारो ५५ वर्षांचे आणि सेरा अवघा २५ वर्षांचा! तथापि मुलाच्या वयाच्या या तरुणापासून नवी रीत शिकण्यास त्यांस संकोच वाटला नाही.

ती रीत अशी. रंग एकमेकांत कालवावयाचे नाहीत. निर्भेळ रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी द्यावयाचे. पाहणारा चार पावले मागे सरला की त्याचा डोळाच त्यांचा मेळ घालतो. अंगणातील रांगोळीत ठिपका रेघेला वाट दाखवितो. येथे रेघ नाहीच, सारे काम ठिपक्याचे. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालच्या ग्रंथात दाखवून दिले होते की, शेजारच्या रंगामुळे कोणत्याही रंगाचे रूप पालटते. हिरव्यालगत तांबडा आणि निळ्यालगत नारिंगी अधिक उजळतो. म्हणून उन्हातील गवतावर हिरव्याच्या जोडीला नारिंगी ठिपके आणि सावलीत निळे. मात्र पहिला थर सुकू द्यावा, नाही तर ओले रंग मिसळून चिखल होतो.

पिसारोंनी एरान्यीत १८८८ साली रंगविलेले सफरचंदांच्या तोडणीचे चित्र अमेरिकेत डॅलस येथील संग्रहालयात आहे. झाडाखाली गावची माणसे फळे गोळा करीत आहेत. तेथील सावली निरखून पाहावी. निळे, जांभळट, गुलाबी असे ठिपके तीत दाटले आहेत, आणि त्यांच्यामुळेच भोवतालचे ऊन तळपते.

परंतु या विद्येचे मोल घरच्यांना द्यावे लागले. एकेका चित्रास फार काळ लागे, आणि पॅरिसच्या व्यापाऱ्यास ही नवी चित्रे रुचत ना. चित्रे थोडी, त्यांतही विक्री मंद. सहा मुलांच्या घरात याचा अर्थ काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तरीही पिसारोंनी काही वर्षे ही रीत नेटाने चालविली. १८९० च्या सुमारास त्यांनी ती सोडली, ती केवळ पैशापायी नव्हे. वाऱ्याने पान हलते, ढग सरकतो, ऊन पालटते. ठिपके पुरे होईतो ज्या भावनेने चित्र आरंभिले तीच विरून जाई. जी रीत डोळ्यांनी पाहिलेले हातातून उतरू देत नाही, ती आपली नव्हे, असे त्यांनी ठरविले.

त्या वर्षांचे श्रम मात्र वाया गेले नाहीत. १८९२ साली मित्र मोने यांनी दिलेल्या कर्जातून ते राहते घर विकत घेतले गेले आणि तेथील कोठारात चित्रशाळा झाली. १९०३ साली निधन होईपर्यंत पिसारो एरान्यीची तीच कुरणे पुनःपुन्हा रंगवीत राहिले. हात आता मोकळा चाले. पण सावलीतील निळा आणि उन्हातील नारिंगी त्यांच्या कुंचल्याने पुढे कधी सोडला नाही. ज्यांस ही रीत शिकावयाची असेल त्यांनी मोठा देखावा न घेता दुपारच्या वेळचे एखादे झाड आणि त्याची सावली घ्यावी. प्रथम ती सावली खरोखर किती रंगांची आहे ते स्वस्थ बसून पाहावे, आणि मगच पहिला ठिपका द्यावा.