भरलेलं पान, भरलेली मर्यादा

आमच्या पिढीला उधारी नाकारली जायची ती तोंडावर. आताच्या पिढीला नाकारली जाते ती मोबाइलवर. परभणी, मानवत, सेलू, पाथरी, गंगाखेड, गाव कुठलंही घ्या. साठीकडे झुकलेल्या माणसाकडे आईची चिठ्ठी घेऊन किराणा दुकानाच्या पायरीवर उभं राहिल्याची आठवण असतेच. दुकानदार चिठ्ठी वाचायचा, मग वहीचं पान उलटायचा, मग आपल्या तोंडाकडे बघायचा. तेवढ्यात आमच्या घरच्या आठवडाभराच्या चुलीचा निकाल लागायचा.

आज तो निकाल लागायला काही क्षण पुरतात. आमच्या पुतण्याने मध्यंतरी दुसऱ्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. नोकरी कायमची, पगार दर महिन्याला खात्यात, एकही हप्ता थकलेला नाही. तरी अर्ज नामंजूर झाला. खूप विचारपूस केल्यावर कारण कळलं: आधीच्या कार्डाची मर्यादा 50,000 रुपये आणि त्यातले 42,000 वापरलेले, म्हणजे 84 टक्के. महिना जूनचा होता. शेतात बी-बियाणं, पोरीच्या शाळेची फी आणि वडिलांचा दवाखाना, सगळं एकदमच अंगावर आलेलं. यातलं काहीही सांगायला त्या अर्जात जागा नव्हती.

आमच्या वेळी जून महिना सगळ्यांच्या ओळखीचा होता. मृग लागला की वहीची पानं भरायची, हे दुकानदाराला वेगळं सांगावं लागत नसे. 1972 साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि आमच्या घरांचं वर्ष ही खरेदी करणाऱ्या फेडरेशनच्या चुकाऱ्याभोवती, म्हणजे कापसाच्या पैशांभोवती, फिरू लागलं. कापूस केंद्रावर गेला की दुकानदार घरी येऊन विचारायचा, ‘चुकारा कधीचा म्हणतेत?’ चुकारा लांबला, तर तो सगळ्या गावाचाच लांबलेला असायचा, आणि दुकानदारही त्यासोबत थांबायचा. त्याच्या लेखी भरलेलं पान म्हणजे नेमाचं गिऱ्हाईक. काळजी वाटायची ती कोऱ्या पानाची. माणूस दुसऱ्या दुकानाला लागला की काय, अशी.

आता भरलेली मर्यादा हीच काळजीची गोष्ट झाली आहे. कर्जांची नोंद ठेवणारी सिबिल ही संस्था 2000 साली स्थापन झाली, 2005 साली अशा संस्थांसाठी कायदा झाला, आणि आज देशात चार कंपन्या अशी नोंद ठेवतात. त्यावरून 300 ते 900 या टप्प्यात आपला स्कोअर निघतो. मिळालेल्या मर्यादेपैकी किती वापरली, हे त्यात बारकाईने पाहिलं जातं. वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवा, असा सल्ला बहुतेक जाणकार देतात. यात एक बारीक गोम आहे. कार्डाचं बिल निघतं त्या तारखेला जी बाकी असते, बहुधा तीच पुढे कळवली जाते. त्यामुळे मुदतीच्या आत पै न पै भरणाऱ्या माणसाचाही वापर 84 टक्के दिसू शकतो. पुतण्याचं नेमकं हेच झालं.

स्कोअर काढणाऱ्या यंत्राचा हिशेब अगदीच चुकीचा आहे, असं मात्र म्हणवत नाही. एका कार्डाची बाकी भरायला दुसरं कार्ड काढणारी आणि त्यात बुडालेली घरं आम्ही पाहिली आहेत. थकलेल्या बाकीवर अनेकदा महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही जास्त व्याज लागतं; वर्षाला ते चाळिशी ओलांडतं. विनातारण कर्जांची वाढ पाहून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023 मध्ये बँकांच्या क्रेडिट कार्डांच्या येण्यावरचा जोखीम-भार (अशा कर्जामागे किती भांडवल राखायचं, त्याचं माप) 125 वरून 150 टक्के केला. बँकांचा हात आखडला त्याला असं कारण आहे.

आणि जुनं तरी कुठे चांगलं होतं? सावकाराची सवाई-दिढी याच मातीतली. पेरणीला एक पोतं ज्वारी घ्यायची आणि सुगीला सव्वा नाहीतर दीड पोतं घालायची. मोंढ्यातल्या आडत्याकडून उचल घेतली की माल त्याच्याच ओट्यावर न्यायचा आणि तो म्हणेल तो भाव घ्यायचा. कर्जापोटी जमिनीचं थेट खरेदीखत लिहून घ्यायचं आणि ‘पैसे फेडले की परत करतो’ असं तोंडी सांगायचं, ही रीत कितीतरी कुटुंबांच्या मुळावर आली. बेकायदा सावकारीत अशा गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची वाट 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने जिल्हा उपनिबंधकांमार्फत खुली केली, ती उगाच नाही. शिवाय, जो दुकानदार आम्हाला तोंडावरून ओळखायचा, तो जातीवरूनही ओळखायचा. कुणाला ओट्यावर बसायला जागा मिळायची, कुणाला पायरीखालीच थांबावं लागायचं. आमच्या आयांच्या नावाने तर वहीत पानच नसायचं. पान वडिलांचं, आणि उधारीची लाज मात्र आईची.

आज परभणीच्या दवाखान्यात काम करणारी एखादी नर्स स्वतःच्या नावाने कार्ड काढते, नवऱ्याची सही न घेता. स्कोअर काढताना कुणी तिची जात विचारत नाही, वाडा की वस्ती हे विचारत नाही. आमच्या काळाला हे जमलं नव्हतं. म्हणून जुने दिवस परत यावेत, असं आम्ही म्हणणार नाही.

तरीही काहीतरी गेलं आहे, आणि ते गेल्याचं दुःख खरं आहे. बाकी मिटवायचा दिवस आठवा. वडील धुतलेला सदरा घालून निघायचे, आम्हाला सोबत घ्यायचे. दुकानदार लांबुळकी लाल वही मांडीवर घ्यायचा आणि बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचायचा: तेल, गूळ, चहापत्ती, पुन्हा तेल. वडील मान हलवायचे. एखाद्या ओळीला अडायचे, ‘हे आमचं नाही.’ मग थोडी घासाघीस व्हायची, वरची चिल्लर सुटायची. नोटा दोनदा मोजल्या जायच्या. शेवटी दुकानदार सगळ्या पानावरून एक तिरपी रेघ ओढायचा, खाली ‘जमा’ लिहायचा आणि बरणीतून गुळाचा खडा काढून आमच्या हातावर ठेवायचा. दिवाळीत नवी वही निघायची, कुंकवाचं स्वस्तिक काढलं जायचं, आणि आमच्या घराचं नाव पुन्हा एका कोऱ्या पानावर चढायचं.

आता बिल आपोआप वळतं होतं. पैसे गेल्याचा संदेश येतो, तो वाचायच्या आत दुसरा येतो. घरातल्या पोरांना कर्ज झालेलं दिसत नाही आणि फिटलेलंही दिसत नाही. आम्हाला ती तिरपी रेघ दिसायची. बापाच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं, हे दहा वर्षांच्या पोरालाही कळायचं.

आणि नकार मिळाला, तरी त्यात बोलणं असायचं. ‘आता जास्त झालंय, थोडे आणून द्या, मग बघू,’ असं दुकानदार म्हणायचा. त्याला उत्तर देता यायचं. घरात आजारपण आहे, पोरीचं लग्न ठरलंय, औंदा पाऊस नाही, हे सांगता यायचं. कधी तो विरघळायचा, कधी नाही. पण ऐकून घ्यायचा. आजच्या नकाराला आपलं म्हणणं ऐकवायची सोय नाही, आणि आमचा जीव तुटतो तो याच्यासाठी. व्याज जुनंही जाचक होतं, नवंही आहे. ऐकणारा माणूस मात्र मधल्यामधे नाहीसा झाला.

म्हणून पोरांनो, जेवढं हातात आहे तेवढं तरी करा. कार्डाचा अर्ज नाकारला, तर नेमकं कारण लेखी कळवणं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. ते मागून घ्या. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो; तो मागवा आणि वडील वही ऐकायचे तसा ओळ न् ओळ वाचा. ‘हे आमचं नाही’ म्हणण्यासारखं काही दिसलं, तर तक्रार करा. बिल निघायच्या तारखेआधीच थोडी बाकी भरून टाका. जुनं कार्ड घाईने बंद करू नका. त्याची मर्यादा गेली की उरलेल्या कार्डांवरचा वापर आणखी मोठा दिसतो. जानेवारी 2025 पासून बँकांनी कर्जांच्या नोंदी या कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला कळवायच्या आहेत, म्हणजे केलेली सुधारणा दिसायला पूर्वीइतका वेळ लागू नये.

आणि बँकांना एवढंच सांगणं आहे: मराठवाड्यातल्या माणसाचा जून पाहताना त्याचा दिवाळीनंतरचा महिनाही पाहा. अर्जात दोन ओळी त्याच्या म्हणण्यासाठी मोकळ्या ठेवा, आणि त्या वाचायला एक माणूस नेमा.