सुरतेचा ओटा

मराठी मुलाला सुरत प्रथम भेटते ती इतिहासाच्या पुस्तकात, आणि तीही लुटीच्या निमित्ताने. १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर ह्या दोन खुणा मनावर अशा काही उमटलेल्या असतात की, मोठेपणी सुरतेच्या स्थानकावर उतरतानाही आपण पाहुणे म्हणून आलो आहोत की स्वारीवर, असा क्षणभर संभ्रम पडावा. पुढे केव्हातरी घारीची चव कळते, जरीकाठाची साडी घरात येते, ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण कानांवर पडते, आणि सुरतेविषयीचे आपले ज्ञान तेथेच थांबते. परंतु त्या नगरीत चार दिवस राहण्याचा योग आलाच, तर एक गोष्ट आवर्जून पाहावी. किल्ला पाहण्यास सारेच जातात. ही गोष्ट मात्र कोणी बोट करून दाखवीत नाही. ती म्हणजे तेथील ओटा.

सुरतेस जाण्याचे मार्ग अनेक आहेत. मात्र तेथील मराठी वस्ती कशी घडली हे समजून घ्यावयाचे असेल, तर जळगावहून उधन्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार अशी खानदेशातील ठाणी घेत ही गाडी तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे सरकते. नवापूर आले की गंमत दिसते. ह्या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. फलाटावरील एका बाकाच्या मधोमध रेघ ओढून दोन्ही राज्यांची नावे लिहिलेली आहेत. एकाच बाकावर बसलेले दोघे दोन राज्यांत असतात, आणि तरीही त्यांचे बोलणे चालूच असते! १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली. तापीला मात्र ते कोणी कळविले नाही. मुलताईला उगम पावलेली ही नदी खानदेश ओलांडून सुरतेपाशी समुद्राच्या भेटीला जाते, आणि तिच्याच वाटेने, कोरडवाहू शेतीने हात टेकल्यावर, हजारो खानदेशी कुटुंबे यंत्रमागांच्या ह्या शहरात उतरली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली ह्या भागांतून हिंडताना अहिराणी इतकी सहज कानांवर पडते की आपण धुळ्याच्या एखाद्या पेठेत आहोत असे वाटावे. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात, आणि त्यांत मराठी हे एक आहे.

आता ओट्याकडे वळू. जुन्या सुरतेत, गोपीपुरा, नानपुरा, सय्यदपुरा ह्या भागांत किंवा नदीपलीकडच्या रांदेरात, शेरीत शिरले की दुतर्फा घरे अंगाला अंग लावून उभी असतात. घराच्या पुढल्या दाराशी, रस्त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच, असा दगडी ओटा असतो. गुजरातीत त्याला ओटलो म्हणतात. तो घराचा असतो आणि शेरीचाही असतो. संध्याकाळ झाली की त्यावर माणसे येऊन बसतात, आणि बाजारभावापासून सुनेच्या स्वयंपाकापर्यंत सर्व विषयांचा परामर्श, सुरती बोलीतील ठेवणीच्या शब्दांसह, घेतला जातो. ह्याला गुजरातीत ‘ओटला परिषद’ असे नाव आहे, आणि ते थट्टेचे आहे. रिकामटेकड्यांची बडबड, असा त्याचा अर्थ. परंतु ह्या थट्टेवर समाधान मानू नये. गटार तुंबल्याची पहिली बातमी ओट्यावरच येते. कोणाच्या घरी आजार शिरला, कोणाचे दार दोन दिवस उघडले नाही, हे ओट्यालाच प्रथम कळते. शेरीचे बरेवाईट जाणणारी अशी दुसरी जागा नाही. प्रश्न एवढाच असतो की, ह्या ओट्यावर बसण्यास कोणाला जागा मिळते?

ह्या प्रश्नाचे एक फार सुंदर उत्तर सुरतेने पावणेदोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा आहे. मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता ह्या गुजराती शिक्षकाशी पडली. ह्या दोघांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी मिळून २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. सभेच्या बैठकी होत, आणि त्यांत जातिभेद, विधवांचे दुःख, भुताखेतांच्या नावाने चालणारी फसवणूक ह्यांवर उघड चर्चा चाले. मंत्रतंत्राने चमत्कार करून दाखवावा, असे आव्हान दुर्गारामांनी मांत्रिकांना दिले होते. आज हे विषय आपल्याला पाठ्यपुस्तकातले वाटतात. त्या काळी आपल्याच शेरीत राहून ते बोलणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष घरी बोलावून आणणे होते.

दादोबा सुरतेला परके होते. त्यांची भाषा वेगळी, गाव वेगळे, आणि नोकरी बदलीची. तरीही सुरतेच्या माणसांनी त्यांना आपल्यात बसवून घेतले, आणि दादोबांनीही ‘हे आपले गाव नव्हे, आपल्याला काय करायचे?’ असे म्हटले नाही. १८४६ मध्ये ते मुंबईस परतले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले, आणि सभा मावळली. परंतु पुढे मुंबईत परमहंस सभा उभी राहिली तिच्यामागे दादोबाच होते. म्हणजे महाराष्ट्रातील सुधारणेचा एक झरा सुरतेत उगम पावला, असे म्हणण्यास हरकत नाही. शाळेत शिकलेली सुरत आपण घेऊन आलो ती. ही सुरत आपल्याला देऊन गेली ती!

ह्याच शहरात १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि मोडले, हेही सर्वश्रुत आहे. देशभरचे विद्वान वक्ते एका मंडपात जमले, आणि अखेर व्यासपीठाच्या दिशेने एक दख्खनी जोडा भिरभिरत आला. मोठ्या मंडपात मतभेद झाला तर प्रत्येकाला आपापल्या गावी परतता येते. शेरीतल्या माणसांना ती सोय नसते. त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच नळावर पाणी भरायचे असते. म्हणून त्यांचे भांडण कुठेतरी येऊन थांबते.

पण परतण्याची वाट असली आणि परतावेसे वाटले, तर काय होते? सुरतेतील बाहेरून आलेल्या माणसाला हा प्रश्न १९९४ च्या सप्टेंबरात अत्यंत कठोरपणे विचारला गेला. त्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सुरतेत पुराचे पाणी ओसरले होते, गणेशविसर्जन नुकतेच झाले होते, आणि फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. मृत्यू सुमारे पन्नास झाले; परंतु भीतीने लक्षावधी लोक शहर सोडून निघाले. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या, कित्येक खाजगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलुपे लावली, आणि काही देशांनी भारताशी विमानवाहतूकच थांबवली. तापीच्या वाटेने आलेली माणसे त्याच वाटेने, गाडीच्या दारांना लोंबकळत, खानदेशात परतली. त्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्याला शहराने राहण्यास गटाराकाठची जागा दिली, त्याने शहरासाठी जीव धोक्यात घालावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

त्यानंतरची कथा देशाला ठाऊक आहे. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे महानगरपालिकेचे आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी सकाळी वातानुकूलित खोली सोडून रस्त्यावर हिंडावे, असा दंडक त्यांनी घातला. शहराचे सहा विभाग करून आयुक्ताचे अधिकार त्या त्या विभागाच्या प्रमुखाला दिले. मुख्य रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. अस्वच्छता करणाऱ्याला, तो लहान असो वा मोठा, दंड होऊ लागला. दोन वर्षांच्या आत सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून नावाजली. पुढे राव बदलून गेले, आणि वाटले होते की आता सारे पूर्ववत होईल. तसे झाले नाही. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडाला, तरीही साथ पसरली नाही. १९९१ मध्ये पंधरा लाखांची असलेली वस्ती २०११ पर्यंत पंचेचाळीस लाखांच्या घरात गेली, तरीही २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला.

अधिकारी गेल्यावरही काम का टिकले, ह्याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. उधन्याच्या बाजूला माझ्या मावसभावाकडे उतरलो असताना ते एका रात्री थोडेफार मिळाले. त्यांची वसाहत साध्या बैठ्या-दुमजली घरांची आहे; तेथे जुन्या शेरीतला दगडी ओटा नाही. पण गणपतीचा मांडव जिथे पडतो त्या मोकळ्या चौथऱ्यावर रात्री जेवणानंतर माणसे जमली. वसाहतीचे प्रमुख सौराष्ट्रातील वृद्ध गृहस्थ. सारे त्यांना काका म्हणत. विषय होता कोपऱ्यावरील कचऱ्याचा. घरोघरी कचरागाडी रोज येते, आतले रस्ते रहिवाशांनी स्वतः झाडून घ्यावेत म्हणून महानगरपालिकेची अनुदानाची योजनाही आहे. असे असूनही त्या कोपऱ्यावर रोज पहाटे ढीग पडलेला, आणि पावसाचे पाणी तेथेच तुंबणारे.

अर्धा तास नेहमीचे चालले. एकाने दुसऱ्या गल्लीकडे बोट दाखवले, दुसऱ्याने भाडेकरूंकडे. “ही बाहेरची माणसे, त्यांना गावाची काय पडली आहे?” असे एक मराठी गृहस्थच मोठ्या ठसक्याने म्हणाले. माझे मावसभाऊ हळूच उत्तरले, “तात्या, चाळीस वर्षांपूर्वी आपल्याबद्दल हेच बोलत होते. तेव्हा आपण त्या पलीकडच्या भिंतीशी उभे राहून ऐकत होतो.” तात्या गप्प झाले. भिंतीशी खरोखरच दोन-तीन ओडिया तरुण उभे होते. ते यंत्रमागावर रात्रपाळी करणारे. वसाहतीत खोली घेऊन राहणारे, आणि म्हणून बैठकीत न मोजलेले. काकांनी त्यांना हाक मारून वर बसवले.

आणि काय आश्चर्य! ढीग कोण टाकते हे त्या तरुणांनाच ठाऊक होते, कारण पाळी संपवून सकाळी सातला परतताना ते रोज पाहत असत. टाकणारे बाहेरचे नव्हते, भाडेकरूही नव्हते. कचरागाडी सकाळी ज्या वेळी येई, त्या वेळी कामावर निघून गेलेली वसाहतीतलीच चार-पाच घरे होती. कोणी आवाज चढवण्यापूर्वीच माझ्या वहिनी म्हणाल्या, “त्यांचे डबे आदल्या रात्री आमच्या दारात ठेवू देत; मी गाडीत रिकामे करीन. एक दिवस मी, एक दिवस शेजारच्या भाभी.” एवढ्यावर प्रश्न मिटला. ठराव झाला नाही, भाषण झाले नाही. काकांनी वहीत पाळ्या लिहून घेतल्या, आणि सारे चहाला उठले.

तात्यांसारखे बोलणे आपणांपैकी कोणाच्या तोंडी येत नाही? बडोद्यात, इंदूरात, ग्वाल्हेरीत, हैदराबादेत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. आपली मंडळे झाली, गणेशोत्सव झाले, वाचनालये झाली. ती सारी जपावीतच. परंतु आपल्या मंडळाच्या दिवाणखान्यात आपण जितके मोकळे बोलतो, तितके शेजारच्या चौथऱ्यावर बोलतो का? आणि बोलत असलो, तर आपल्यानंतर आलेला कोणी भिंतीशी उभा आहे का, हे वळून पाहतो का? अलीकडे सुरतेत गणेशविसर्जन तापीऐवजी कृत्रिम तलावांत होते. नदी वाचवायची म्हणून आपल्या उत्सवाची रीत बदलण्यास तेथील मराठी मंडळे तयार झाली. नदी सर्वांची आहे हे ज्याने मान्य केले, त्याला तिच्या काठचे गाव परके राहत नाही.

माणूस गावात किती वर्षे राहिला ह्यावरून तो गावकरी ठरत नाही; गावाच्या तुंबलेल्या गटाराची काळजी तो कितपत वाहतो ह्यावरून ठरतो. आणि ती काळजी वाहण्यासाठी त्याला ओट्यावर बसण्यापुरती जागा तर मिळावयास हवी. दादोबांना ती सुरतेने दिली होती. खानदेशी माणसाने ती श्रमाने आणि सबुरीने मिळविली. आता ती थोडी सरकून दुसऱ्याला देण्याची पाळी आपली आहे.