आजोबांचे स्पीकर

इस्लापूरच्या आमच्या घरात आजोबांनी भिंतीतल्या कोनाड्यांत दोन मोठे स्पीकर बसवले होते. आजोबा गेले, जुना टीव्हीही बिघडला. नवा आला. चित्र झकास, पण आवाज अगदी बारीक! आजीला कमी ऐकू येतं. बातम्या सोडून ती ओसरीवर बसू लागली.

बाबा म्हणाले, “स्पीकर भंगारात देऊ. नव्या टीव्हीला तांबड्या-पांढऱ्या पिनांची जागाच नाही.”

मी मागे पाहिलं. तिथं ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं छोटंसं भोक होतं. त्यातून आवाज प्रकाशाच्या रूपात, आकड्यांच्या भाषेत बाहेर पडतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ती भाषा कळत नाही. मध्ये दुभाषा हवा! तो म्हणजे काडेपेटीएवढा कन्व्हर्टर. बाबांनी तो नांदेडहून आणला.

वायर आत बसेना. टोकाची प्लास्टिकची टोपी काढायचीच राहिली होती! ती काढली, तर नुसती खरखर. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलं; साध्या कन्व्हर्टरला तेवढंच समजतं.

कोनाड्यांतून खणखणीत आवाज आला. आजी आत येऊन बसली. म्हणाली, “आता समदं ऐकू येऊलालंय की रे!”

भंगाराचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही.