राखणदाराची राखण

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. शेतकऱ्याने तो विचारला, सावकाराकडे दागिने ठेवणाऱ्या बाईने विचारला. आता संगणकापुढे बसणाऱ्यावरही तो विचारण्याची पाळी आली आहे. कागदपत्रे नासवणाऱ्या, पासवर्ड चोरणाऱ्या घातक प्रोग्रॅमपासून रक्षण व्हावे म्हणून आपण ‘अँटिव्हायरस’ नावाचा राखणदार ठेवतो. पण तो राखणदार तरी भरवशाचा कशावरून?

हैदराबादेतील आमच्या छोट्याशा मराठी मंडळात हा प्रश्न मध्यंतरी अगदी व्यवहाराच्या रूपाने उभा राहिला. मंडळाच्या संगणकात जमाखर्च आहे, ग्रंथालयाची यादी आहे. पण या दोहोंहून मोलाची अशी एक ठेव आहे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. निजामी राजवटीतील शाळा, घरी मराठी आणि कचेरीत उर्दू असे दुहेरी जगणे, १९४८ सालचे ते धास्तीचे दिवस, जात्यावरच्या ओव्या, असे बरेच काही त्यांत आहे. बोलणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मंडळी आज हयात नाहीत. अँटिव्हायरसची वार्षिक वर्गणी भरण्याचा विषय बैठकीत निघाला, तेव्हा आमचे वयोवृद्ध अध्यक्ष म्हणाले, “अहो, चोराच्या भीतीने ज्याच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या, तो कोण, कुठला, हे कुणी पाहिले आहे काय?” उत्तर कोणापाशीच नव्हते. ते शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

शोधू लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की किल्ल्या दिल्यावाचून ही राखण होतच नाही. घातक प्रोग्रॅम कुठेही दडून बसू शकतो. म्हणून राखणदाराला प्रत्येक फाइल उघडून पाहण्याची मुभा लागते. चोर नवी सोंगे घेतात. म्हणून त्यांची नवी वर्णने कंपनीकडून वारंवार मागवावी लागतात. म्हणजे घराच्या आतल्या खोलीपर्यंत वावर असलेला, आणि दूरच्या धन्याचे हुकूम विनातक्रार पाळणारा असा हा नोकर आहे. त्याचा उपयोग ज्या अधिकारामुळे होतो, धोकाही त्याच अधिकारातून उद्भवतो.

त्याची नुसती चूकसुद्धा केवढी महाग पडते, हे दोनदा दिसून आले. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफी कंपनीच्या एका नव्या यादीने विंडोज एक्सपीमधील एका अत्यावश्यक फाइललाच चोर ठरवले, आणि जगभरची कित्येक यंत्रे पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने धाडलेली एक सदोष फाइल सुमारे ८५ लाख संगणकांना भोवली. विमाने खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली. आमच्या हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. त्या दिवशी कोणताही चोर आला नव्हता. पहारेकऱ्याचाच पाय घसरला होता.

चुकीला निदान क्षमा तरी आहे. लोभाचे काय? अव्हास्ट ही प्राग शहरातील नामांकित कंपनी. तिचा अँटिव्हायरस फुकट मिळे, म्हणून तो कोट्यवधी लोकांनी घेतला. मात्र लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात, काय पाहतात, याची माहिती तिचीच एक उपकंपनी विकत होती. २०२० च्या जानेवारीत याचा गवगवा झाल्यावर ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. दारावरच्या गुरख्याने घरात कोण येते-जाते याची टिपणे बाजारात विकावीत, तसलाच हा प्रकार!

तिसरी भीती सत्तेच्या दडपणाची. मॉस्कोच्या कॅस्परस्कीचा अँटिव्हायरस सरकारी खात्यांतून काढून टाकण्याचा आदेश अमेरिकेने २०१७ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये तेथे त्याची विक्रीच बंद केली. कंपनीने सर्व आरोप सातत्याने नाकारले. परंतु रशियाचे सरकार आपल्या कायद्याच्या जोरावर कंपनीला हवे ते करावयास लावील, ही शंकाच पुरेशी ठरली. नोकर प्रामाणिक असला तरी त्याच्या गावचा पाटील कोण, हे पाहावे लागते.

हे सारे मी बैठकीत सांगितले, तेव्हा एकजण उत्साहाने म्हणाले, “मग आपल्या मराठी माणसाचेच घेऊ या!” पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी उभे केलेले ‘क्विक हील’ ही अभिमानास्पद गोष्ट खरीच. पण अभिमान हा पुरावा नव्हे. आपल्या माणसालाही तेच प्रश्न विचारावेत: तुमची मिळकत कशातून होते? आमची कोणती माहिती बाहेर जाते? चूक झाली तर ती तुम्ही उघडपणे सांगता का? आणि तुम्हाला काढून टाकायचे ठरवले तर सुखासुखी जाल का? ऑस्ट्रियातील आणि जर्मनीतील स्वतंत्र संस्था अशा प्रोग्रॅमची परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. चोर किती पकडले आणि साव किती छळले, हे त्यांतून कळते. नीतीची परीक्षा मात्र त्यांत होत नाही.

मग राखणदार ठेवूच नये काय? तसे माझे मत नाही. कुंपण कधीकाळी शेत खाते म्हणून कोणी कुंपण उपटून टाकत नाही. विंडोजबरोबर आता मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा राखणदार येतोच. साध्या घरगुती कामास तो पुष्कळदा पुरतो. दोन-दोन राखणदार एकाच दारात उभे केले, तर ते एकमेकांवरच संशय घेत बसतात. आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, त्वरित या क्रमांकावर फोन करा’ असे पडद्यावर ओरडणारा तर राखणदाराच्या वेषातला चोरच समजावा.

सरतेशेवटी आम्ही वर्गणी भरली. पण सर्वस्व त्याच्या स्वाधीन केले नाही. ध्वनिमुद्रणांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि ती पोलादी कपाटात ठेवली. कोणत्याही यंत्राला ती एरवी जोडलेली नसते, त्यामुळे चोराचा आणि राखणदाराचाही हात तिथवर पोहोचत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत शाबूत आहे ना, हे तपासायचे असा ठराव आहे, आणि तपासणे म्हणजे त्यातले एखादे ध्वनिमुद्रण लावून शेवटपर्यंत ऐकणे. गेल्या खेपेस एका दिवंगत आजींच्या ओव्या लागल्या. अविश्वासापोटी केलेल्या व्यवस्थेतून एवढे ऐकायला मिळावे, हे आमचे भाग्यच म्हणायचे.